धुऱ्यावर जाळलेली तूर

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तरचा. शाळा तिसरीपर्यंत, तीबी अर्धी. पण माझ्या वावराकडं कोणी बोट दाखवावं, असं तण मी कधी ठेवलं न्हाई.

धाकटी पोरगी विद्यापीठात तुरीच्या मर रोगावर संशोधन करून राहिली होती. चांगलं उभं झाड फुलावर येतं अन् एकाएकी मान टाकतं, तो रोग. त्यासाठी तिनं माझ्याच वावरातले चार तास, म्हणजे तुरीच्या चार ओळी, मागून घेतले. दर आठ दिवसांनी बसनं यायची, झाडन् झाड मोजायची, वहीत टिपायची, मेलेल्याला लाल फीत बांधायची.

"आबा, ह्या चार तासांतलं मेलेलं झाडबी उपटायचं न्हाई. मला ते मुळांसकट लागतंय," असं तिनं तीनदा बजावलं. मी व्हय म्हणालो. मनात म्हणालो, मेलेल्याकडून काय शिकायचं?

शेजारचा धुरेकरी, ज्याचा माझा बांध एकच, रोज खिजवायचा. "काहून हो दादा, पोरगी शिकली अन् वावराचं मसण केलं का? फिती लावून मुडदे मिरवून राहिले!"

मग कळलं, तिचे मोठे सर येणार. मेलेल्या झाडांचे नमुने त्यांच्यासमोर काढायचे, अन् तिचं काम पुढं जातं का अडकतं ते त्यांनी ठरवायचं. आदल्या दिवशी मी धुऱ्यावर उभा राहिलो. सडकेवरून पहिली नजर पडायची ती त्या वाळक्या तुरीवर. पोरीनं बजावलेलं आठवलं, पण धुरेकऱ्याचं 'मसण' त्याहून जास्त टोचलं. पाहुणा येणार म्हणून लोक अंगण सारवतात, मी वावर सारवलं. दिवस मावळायच्या आत एकूणएक मेलेलं झाड उपटलं, धुऱ्यावर ढीग घातला अन् काडी लावली. फिती तेवढ्या सोडून खिशात ठेवल्या, लेकराच्या कामाच्या म्हणून.

दुसऱ्या दिवशी जीप आली. मी धुतलेला पटका बांधून उभा. पोरगी पुढं चालत आली, हातात सुरी अन् कागदी पिशव्या. अन् थांबली.

"आबा, झाडं?"

"साफ केली. सरांना काय ते दाखवायचं व्हतं?"

ती राखेपाशी बसली अन् काडीनं उकरत राहिली. एखादं मूळ सापडतं का, पाहत होती.

मला वाटलं, सर आता तिला झापतील. त्यांनी वही मागितली. धुऱ्यावर बसून पानन् पान वाचलं. कोणतं झाड कोणत्या आठवड्यात मेलं, त्याचा नकाशा. पावसानं पुसलेल्या अक्षरांवर पुन्हा फिरवलेली शाई.

"इतकी वर्षं शिकवतोय," ते तिला म्हणाले, "पण विद्यार्थ्याच्या हातची अशी वही फार कमी पाहिली. या मोजणीवर पुढच्या परिषदेत तूच बोलायचं. नमुने पुढच्या हंगामात घेऊ. वर्ष जाईल, काम जाणार नाही."

पोरीचं तोंड असं उजळलं की मी दुसरीकडं पाहिलं. सव्वीस वर्षं माझ्या घरची भाकर खाल्ली तिनं, माझ्या एका शब्दानं ते तोंड कधी तसं झालं न्हाई. ती वही माझ्यासमोर, माझ्याच ओसरीवर लिहिलेली. मी कधी "दाखव" म्हणालो न्हाई. त्या माणसानं आल्या आल्या मागितली.

जीप पाहायला धुरेकरी आलाच होता. पोरीनं त्यालाच विचारलं, "काका, पुढल्या साली चार तास देता का? फक्त हात लावायचा न्हाई."

"घे की बाई. मी कशाला लावतो हात?"

माझ्यासमोर विचारलं. माझ्या वावरात उभं राहून. 'चुकलं' एवढा एक शब्द तोंडाशी आला होता. निघाला न्हाई. निघालं ते असं, "जा, त्याचंबी वावर घाण कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेलो. चौथ्या तासात एका झाडानं नुकतीच मान टाकली होती. हात सवयीनं बुडाशी गेला, तो मागं घेतला. खिशातली एक लाल फीत काढली अन् खोडाला बांधली. मोजायला कोणी येणार नव्हतं.