टोपड्याची जागा

गल्ली पुढं जिला बादली म्हणायला लागली, तिनं ते भांडण ऐकलं तेव्हा ती झग्यातली पोर होती. खाऱ्या पाण्याची भरलेली बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. आत चित्रंवाल्या बाई आणि त्यांच्या भावाची जुंपली होती. बादली खाली ठेवावी तर आवाज होणार, धरून ठेवावी तर हात तुटतोय, अशी पंचाईत.

"तिची आई मेली म्हणून पोर ठेवून घेतलीस, ठीक आहे," भाऊ म्हणत होता. "उद्या तू गेलीस की माझ्या गळ्यात!"

"तुझ्या गळ्यात टाय मावत नाही, ती कुठं मावणार?" बाई म्हणाल्या. "मागची खोली तिची. मी असले तरी आणि मेले तरी. बोलले ते बोलले."

भाऊ पाय आपटत गेला. पोर काही ऐकलंच नाही असं तोंड करून आत आली. पण तो शब्द तिनं मनाशी असा गाठ मारून ठेवला, की पुढं केस पिकले तरी गाठ सुटली नाही.

बाई लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करायच्या. किनाऱ्यावरचे जीव आणि त्यांची घरं, बस्स, दुसरं काही नाही. वाळूत बीळ करणारा खेकडा, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारा खेकडा. त्याला बाई 'फुकट्या भाडेकरू' म्हणायच्या आणि वर बादलीकडे बघून डोळे मिचकावायच्या. तीही काही कमी नव्हती. "भाडं मागून बघा, चावेल," म्हणायची.

बाईंचा एक हट्ट होता. जीव समोर जिवंत असल्याशिवाय चित्र काढायचं नाही, आणि झालं की ज्याला त्याला आपापल्या घरी पोचवायचं. आणायचं-पोचवायचं काम बादलीचं. म्हणून तर गल्लीत तिला तेच नाव पडलं. खरं नाव विचारलं तर तिलाच जरा आठवावं लागायचं.

सगळ्यात जिकिरीचं काम टोपड्याचं. टोपडं म्हणजे खडकाला गच्च चिकटून बसणारा एक शिंपला, बाळाच्या टोपड्याच्या आकाराचा, म्हणून यांनी घरात ठेवलेलं नाव. भरतीच्या पाण्यात ते चरायला फिरतं, आणि ओहोटीला परत आपल्याच जागी येऊन बसतं. त्याची कड त्या जागेला घासून घासून नेमकी बसलेली असते. दुसरीकडे ठेवलं तर फट राहते आणि उन्हात बिचारं आतल्या आत वाळून जातं. म्हणून बादली शिंपल्यावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायची, शेजारी दगडावर दुसरा. एका वेळी एकच आणायचं, म्हणजे घोळ नको. परत ठेवलं की नखानं टिचकी मारायची. हललं नाही म्हणजे बसलं. मग घरी येऊन दारातूनच सांगायचं, "बसलं, बाई."

"मग चहा टाक," बाई मान वर न करता म्हणायच्या.

चित्रात तो ठिपका बाई सोडून द्यायच्या. पण डोळे अधू झाले, त्या वर्षी सगळं धुरकट दिसायला लागलं, आणि त्या धुरकटात ठळक काय, तर तेवढा लाल ठिपकाच. तो त्यांनी काढला. बादलीनं चित्र वाळत घालताना पाहिलंही. पण बाईंनी मुद्दामच काढला असेल, आपण कोण सांगणारे, म्हणून गप्प बसली.

पुस्तक छापून आलं आणि सुट्टीत माणसं मुलांना घेऊन खडकावर लोटली. लाल ठिपक्याचं टोपडं शोधायला. कुणाच्या हातात चमचे, कुणाच्या किल्ल्या.

"मावशी, पुस्तकातलं सापडलं बघा!" एका आईनं बादलीला कौतुकानं बरणी दाखवली. आत टोपड्यांचा ढीग. पोरगी नाक दाबून म्हणाली, "आई, पण याला वास का येतो गं?"

खडकावर नुसते लाल ठिपके उरले होते. प्रत्येकाच्या शेजारी एक रिकामी गोल खूण.

"आहेत ना सगळी जागेवर?" बाईंनी घरी विचारलं.

"आहेत," बादली म्हणाली आणि चहा टाकायला वळली. चहात साखर घालायची राहिली. बाई तसाच प्यायल्या.

थंडी सरायच्या आत बाई गेल्या. टेबलावर अर्धवट चित्र, आणि घमेल्यातल्या खाऱ्या पाण्यात एकच टोपडं. घरी आणलेलं होतं म्हणून वाचलेलं.

भाऊ तर केव्हाच गेला होता. त्याची मुलगी आली. वाईट नव्हती, चपला दारात काढून आत आली.

"मावशी, घर विकतेय. मला नाही सांभाळता येत. डोंगरापलीकडे वृद्धाश्रम आहे, मी बघून आलेय. स्वच्छ आहे."

"मागची खोली माझी आहे. बाईंनी शब्द दिला होता."

"कुणाला?"

"तुमच्या बाबांना. तिथंच, चुलीपाशी. मी दाराआडून ऐकला."

"दाराआडून ऐकलेला शब्द मी घर घेणाऱ्याला काय म्हणून सांगू, मावशी?"

बादलीनं फक्त ओहोटी कधी आहे ते सांगितलं आणि तोवर थांबायला लावलं.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी होती. बोचकं आत ठेवलेलं. बादली खडकावर उकिडवी बसली. टोपडं त्याच्या खुणेवर ठेवलं, किंचित फिरवून कड जुळवली. मग नखानं आधी शिंपल्यावरचा लाल रंग खरवडला, मग दगडावरचा. वर गाडीचा हॉर्न वाजला. तिनं मान वळवली नाही, घाई करण्यासारखं हे काम नव्हे. जरा वेळानं टिचकी मारली. हललं नाही.

घरी येऊन ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. आत भांडी बांधून झाली होती.

"बसलं, बाई," ती म्हणाली.

मग तिनं बादली गोड्या पाण्यानं विसळली आणि नळाखाली पालथी घातली, सुकायला.