खंडेनवमीचा मदरबोर्ड

आमचे आप्पा कॉम्प्युटरला चपला काढूनच भेटत. सैन्यातून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस, पण कराडच्या स्टँडामागच्या आपल्या लग्नपत्रिकांच्या दुकानात पाय न वाजवता वावरायचे. टायपिंगला पगारी नोकर एकटी मी. त्यांनी कीबोर्डला कधी बोट लावलं नाही. म्हणायचे, "ते तुझं काम, पोरी. म्या राखणदार."

पत्रिकेत गणपतीचं चित्र टाकलं की मशीन जे अडून बसायचं ते बसायचंच. गिऱ्हाइकं कंटाळून सांगलीला जायला लागली. दुकान बसलं तर माझा पगार बंद, आणि घरात कमावती मीच. मेकॅनिक म्हणाला, "डबा तोच ठेवा, आतला मदरबोर्ड बदला. मेमरी मात्र नवी लागेल." आप्पांचा जीव खाली-वर. "बंदूक बदलली म्हणून नेम लागतो व्हय?" असं म्हणत त्यांनी अख्खा पावसाळा काढला. मी रोज भुणभुण लावली. शेवटी पेन्शनीतून साठवलेलं काढून नवा बोर्ड घेतला एकदाचा. अहाहा, काय पळायचं मशीन! आप्पा रस्त्यावरच्या माणसांना बोलावून दाखवायचे, "लय चपळ हाय!"

मग आली खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. आप्पांनी डबाच उघडला. "पूजा तलवारीची करायची, म्यानाची न्हाई." मी म्हटलं, "अहो आप्पा, निदान बंद तरी करा!" तर म्हणतात, "झोपलेल्या देवाची पूजा करत्यात व्हय गं?" हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. चट्‌कन आवाज, जळका वास, पडदा काळा.

आप्पा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. कुंकवाची बोटं धोतराला पुसत राहिले, माझ्याकडे बघेनात. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरीला मीच घातलं होतं ना!

जुना बोर्ड त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला होता, तो परत बसवला. "नवं मशीन कुठाय?" असं कुणी विचारलं की मान खाली घालून सांगायचे, "माझ्या हातनं जळलं." सबब एकदाही नाही. कामं आटली, तेव्हा सांगलीला माझ्या नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. निघताना म्हणाले, "माझ्या हळदकुंकवानं तुझी रोजी घालवली, पोरी." मी काही बोलायच्या आत ते आत निघून गेले.

पुढं माझं लग्न ठरलं. आप्पांनी माझ्या आईकडून मजकूर मागवून घेतला आणि शेजारच्या पानवाल्याबरोबर पत्रिकांचा गठ्ठा पाठवला. पानवाला हसत सांगत होता, "स्वतः एका बोटानं टाइप करत बसले होते, कुणाला हात लावू दिला न्हाई." पत्रिकेवर कोपऱ्यात गणपती होता, जुन्या मशीनला झेपेल एवढाच, सुपारीएवढा.

"आणि लग्नाला?" मी विचारलं.

त्याचं हसू मावळलं. "येत न्हाईत म्हणाले. तुमाला तोंड दाखवायची लाज वाटती त्यांना."