अण्णांची लेन्स आणि एक पॉइंट चार

कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की फोटो पुसून टाकता येतात. आमच्या रविवारच्या फोटो ग्रुपमध्ये साठलेल्या किश्श्यांचं तसं नाही. ते पुसता येत नाहीत, उलट दर रविवारी तलावावर चहा घेताना त्यांची साईज वाढत जाते. फोटो कमी आणि गप्पा जास्त असा आमचा ग्रुप. त्यात मी, शाळेत विज्ञान शिकवणारे कांबळे सर, बँकेतल्या शैलाताई आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेत चादरींचं दुकान असलेले मल्लिनाथअण्णा.

सगळ्याचं मूळ म्हणजे अण्णांनी घेतलेली नवी लेन्स. पंच्याऐंशी एमएम, एक पॉइंट चार. कांबळे सरांनी समजावलं, "अण्णा, हा दुसरा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. आणि तितका कमी भाग शार्प येतो. पुढचं-मागचं सगळं धूसर."

अण्णा विचारात पडले. "आमच्या धंद्यात आकडा लहान म्हणजे माल हलका. हितं उलटंच की!"

"म्हणून गरजेप्रमाणे आकडा वाढवायचा. पाच पॉइंट सहा, आठ, अकरा..."

"छ्या! तोंड बारीकच करायचं असतं तर जुनी लेन्स काय वाईट होती? उघडायलाच घेतलीय की!"

त्या दिवसापासून अण्णांच्या कॅमेऱ्यावर एक पॉइंट चार सोडून दुसरा आकडा कुणी पाहिलेला नाही.

*

पहिला बळी अर्थातच सर. अण्णांनी अगदी जवळून त्यांचं पोर्ट्रेट काढलं. उजवा डोळा असा शार्प की पापण्यांचे केस मोजावेत. डावा डोळा मात्र धुक्यात!

"अण्णा, माझा दुसरा डोळा?"

"सर, तो बोकेत गेला, म्हंजे मागच्या धूसरात. बॅकग्राउंड लई मऊ आलीय बघा!"

सर मनाने मोठे. त्यांनी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपला डीपी म्हणून लावला. आठवडाभर पालकांचे फोन येत होते, "सर, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी हाय?"

*

शैलाताईंचं नेमकं उलटं. त्या बँकेतल्या, त्यामुळे फोटोतली प्रत्येक गोष्ट स्वच्छ दिसली पाहिजे हा बाणा. कायम आकडा सोळा! जुळे सोलापुरातल्या त्यांच्या बाल्कनीत गुलाब फुलला, तो त्यांनी सोळावर काढला आणि स्टेटसला टाकला. गुलाब छानच होता. पण मागे समोरच्या फ्लॅटमध्ये वाळत घातलेला बनियनही तितकाच छान आला होता, भोकांसकट.

ते स्टेटस समोरच्या वहिनींनी पाहिलं. संध्याकाळी समोरचे काका दारात हजर. शैलाताईंना वाटलं, आता भांडण होणार!

काका म्हणाले, "ताई, बायकोनं आजच नवीन बनियन आणले. वर्षभर मागत होतो. आता जरा आमची फाटकी चादर पण येईल असा एक गुलाब काढा की!"

*

सरांनी एकदा ठरवलं, आज सगळ्यांना डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत किती खोलवर शार्प येतं ते, शिकवायचंच. टपरीच्या बाकावर एकामागे एक चहाचे कप मांडले. मधल्या कपावर फोकस, आकडा लहान, मग मोठा, मग पुन्हा लहान. आम्ही माना डोलावत होतो. चहा गारढोण झाला.

टपरीवाल्याने स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. "लई भारी सर. पर धूसर झालेल्या कपाचंबी बिल होतंय बरं का!"

*

माझंही सांगून टाकतो, नाहीतर सर सांगतील. नान्नजच्या माळावर मी लांब पल्ल्याची लेन्स घेऊन काळविटाची वाट पाहत बसलो. काळवीट आलं, उभं राहिलं, वळून पाहिलंसुद्धा! माझ्या ऑटोफोकसला मात्र मधली काटेरी तार आवडली. माझ्याकडे आज तारेचे उत्तम फोटो आहेत.

*

आता अण्णांच्या घरचा किस्सा. अव्वांना, म्हणजे अण्णांच्या आईला, पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. हुबळीहून भाऊ, अक्कलकोटहून बहीण, सगळी जमली. अशी ती पुन्हा कधी जमणार? स्टुडिओवाल्याला बोलवू म्हणाले, तर अण्णा अडून बसले, "घरात लेन्स असताना बाहेरचा माणूस? मीच काढणार!"

अण्णांच्या बायकोनं, सुवर्णावहिनींनी, आमच्यासमोरच बजावलं, "काडा. पर हा फोटो बिघडला तर ती लेन्स ह्या घरात ऱ्हाणार न्हाय. दोन वर्षं फुलं न् पाखरं बघतोय आमी." अण्णांनी शब्द दिला.

गच्चीवर सगळे तीन रांगांत उभे राहिले, मध्ये खुर्चीवर अव्वा. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खायला आलेले आम्ही बाजूला. सर मागून आठ बोटं दाखवत होते, "अण्णा, आठ! आठवर ठेवा!" अण्णांनी मान हलवली. वहिनींचं अजून वाढपाचं चाललं होतं, त्या जिन्याच्या दारातून हुग्गीचं पातेलं घेऊन वर येत होत्या.

"हं, हसा!" क्लिक.

खाली येऊन लॅपटॉपवर फोटो उघडला. एक पॉइंट चार! अव्वा धूसर. भाऊ धूसर. बहिणीची नवीकोरी इरकल साडी म्हणजे नुसता हिरवा ठिपका. आणि या सगळ्यांच्या मागे, जिन्याच्या दारात, हातात पातेलं, कपाळावर घाम, विस्कटलेली बट... वहिनी. केस न् केस शार्प!

बहीण रडवेली झाली, "अण्णा, अव्वा कुटं हाय रं ह्यात?"

भाऊ तडकला. "साकु अण्णा, बास झालं! विकून टाक ती लेन्स!"

सर हळूच म्हणाले, "अण्णा, फोकस नेमका कुठे होता?"

अण्णांनी गुपचूप लेन्स कॅमेऱ्यातून काढली, तिला टोपण लावलं आणि वहिनींच्या पुढे ठेवली. चेहरा असा पडलेला की मलाच वाईट वाटलं.

वहिनी लॅपटॉपकडे बघत राहिल्या. मग पदराला हात पुसले, लेन्स उचलली, आपल्या कपाटात साड्यांच्या घडीवर ठेवली आणि दार लावता लावता म्हणाल्या,

"पुढच्या खेपेला आधी सांगा. साडी तरी बदलून येते!"