मेजरांचा चार्ट

माझ्या लग्नाची तारीख भटजींनी नाही, आमच्या हजेरी मेजरांनी काढली. भटजींनी तीन मुहूर्त दिले होते. त्यांचा कागद मी पोलीस ठाण्यात मेजरांच्या टेबलावर ठेवला, तर त्यांनी चष्माही न लावता पहिल्या दोन तारखांवर काट मारली. "या दिवशी शिवाजी पार्कात सभा. या दिवशी मंत्री येतोय. तिसरी चालेल, पण सकाळचा मुहूर्त बघ. दुपारी मी दोन माणसं कोर्टाला पाठवतो, मग ठाण्यात कोणी उरत नाही." माझ्या लग्नाचा आणि त्या कोर्टाचा काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण भटजींना पुन्हा पंचांग उघडावं लागलं आणि अक्षता सकाळी साडेनऊला पडल्या. सासूबाईंनी तेव्हाच विचारलं होतं, "हे मेजर तुझे कोण लागतात?"

हजेरी मेजर म्हणजे ठाण्यात रोज सकाळी हजेरी घेणारा आणि कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवणारा माणूस. आमचे मेजर कुडाळकडचे, राहायला वरळीला पोलीस लाइनीत. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. मी परळच्या चाळीत वाढलेली, भरतीत पास होऊन शिपाई झालेली. दादरच्या आमच्या ठाण्यात पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा त्यांनी नाव, गाव काही विचारलं नाही. "सायकल येते?" विचारलं. येते म्हटल्यावर हताशपणे मान हलवली आणि म्हणाले, "सायकल नाहीये. पण बरं झालं."

मेजर रजा कधी नाकारत नसत. ते प्रसंगच हलवत. मुलाचा वाढदिवस असेल तर "मंगळवारी कर, मंगळवारी माझ्याकडे माणसं आहेत" म्हणत. बारसं, साखरपुडा, घरभरणी, सगळं त्यांनी इकडचं तिकडे केलं होतं. गणपतीला तर ठाण्यातल्या निम्म्या लोकांना कोकणात जायचं असायचं आणि नेमका तेव्हाच लालबाग-परळचा बंदोबस्त. माझ्या सासरी रायगडात काही घरी गणेशचतुर्थीला गणपती बसवायचा राहिला तर पुढच्या संकष्टीला, साखरचौथीला आणतात. हे मेजरांना कुठून कळलं देव जाणे. त्यांनी थेट माझ्या सासूबाईंना फोन लावला आणि यंदा साखरचौथीला बसवा, सुनेला चार दिवस देतो, असं सुचवलं. सासूबाई कडाडल्या, "आमच्या घरचा देव तुमच्या बंदोबस्तावर चालत नाही!" मेजरांनी शांतपणे फोन ठेवला आणि मला म्हणाले, "देवाक कळता गो. माणसांकच कळणा नाय." त्या वर्षी नवरा एकटा गावी गेला. पुढची चार वर्षंही एकटाच.

आमच्यातला कांबळे वरळीच्या बीडीडी चाळीतला. सहा डिसेंबरला आईला घेऊन चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहायचं म्हणून त्याने रजा मागितली. त्या दिवशी दादरला रजा? मेजरांनी त्याला रजा दिली नाही, रांगेचाच बंदोबस्त दिला. आईची रांग पुढे सरकली की कांबळेही तेवढी पावलं पुढे, असं सकाळपासून चाललं होतं. आई आत गेली तेव्हा मेजरांनी स्वतः त्याच्या जागी उभं राहून त्यालाही आत पाठवलं. नंतर वर्षभर ते त्याला ऐकवत होते, "तुला दिली होती ना रजा?" याला मेजर रजा म्हणत!

आजारी पडायचीही चोरी होती. कोणी आजारपणाचा फोन केला की संध्याकाळी मेजर शहाळं घेऊन दारात. ताप खरा असेल तर शहाळं ठेवून जायचे, खोटा असेल तर शहाळं परत न्यायचे. माझी मैत्रीण नाईक लालबागला राहायची. तिच्याकडे ते आले तेव्हा ती गच्चीवर पापड वाळत घालत होती. मेजर तसेच मागे वळले. जिना उतरले, शहाळं खाली चाळीच्या चौकात फोडून प्यायले आणि वर बघून म्हणाले, "उद्या सातला ये." त्या माणसावर चिडावं की हसावं हेच समजत नसे. आम्ही चिडायचो, कारण ते सोपं होतं.

ठाण्यातून माणसं गळत होती आणि त्यांच्या जागी येत नव्हती. एक जण वरळीच्या काचेच्या इमारतीत सुरक्षा पर्यवेक्षक झाला, एकाने आपल्या जिल्ह्यात बदली करून घेतली, एक परीक्षा देऊन दुसऱ्या खात्यात गेला. मोठे साहेब म्हणत, पगार कमी पडतो म्हणून पोरं जातात. मेजर साहेबांसमोर मान डोलवायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "पगार कमी आहे म्हणून कोणी जात नाही. पगार खर्चायला दिवस मिळत नाही म्हणून जातात." हे ज्याला इतकं स्वच्छ कळत होतं तोच माणूस आमचा आठवड्याचा एकुलता एक दिवस कापत होता, आणि माझं डोकं नेमकं तिथेच फिरायचं.

मग मला मुलगी झाली. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर मेजरांनी मला ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर बसवलं, दिवसपाळीला. मी दुपारच्या मोकळ्या वेळात पुस्तक उघडून बसायचे. त्यांना दिसायचं. एकदा म्हणाले, "कसला अभ्यास?" मी "खात्याचा" म्हटलं. ते खोटं नव्हतं, खातं फक्त दुसरं होतं. पुढच्या वर्षी मी मंत्रालयाच्या एका विभागात लिपिक म्हणून निवडले गेले. दहा ते सहा, शनिवार-रविवार सुट्टी. महिन्याच्या आत रुजू व्हायचं होतं, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार. त्यासाठी ठाण्यातून कार्यमुक्त होणं भाग होतं, आणि माझा अर्ज साहेबांकडे जायचा तो मेजरांच्या टेबलावरून.

अर्ज तिथे बारा दिवस पडून राहिला. रोज विचारलं की रोज एकच, "बंदोबस्त संपू दे." दादरमध्ये कधी बंदोबस्त संपतो का? दिवसपाळी बारा तासांची, मुलगी सकाळी मी निघताना झोपलेली आणि घरी पोचताना झोपलेली. मला तिच्याशी बोलायला आठवड्यातून एक दिवस होता, तोही धड मिळत नव्हता. तेराव्या दिवशी मी मेजरांच्या टेबलावर हात आपटला. "तुम्ही माझं आयुष्य अडवून धरलंय!" मेजरांनी माझ्याकडे पाहिलं, एक कोरा कागद ओढला, त्यावर सात दिवसांचे रकाने आखले आणि माझ्यापुढे सरकवला. "मंजूर बायका सात. आहात तुम्ही चौघी. तू गेलीस की तिघी. माणूस खयसून आणू मी? तूच सांग. तुझं नाव सोडून पुढच्या आठवड्याचा चार्ट लिही. जमला की अर्ज तेव्हाच पाठवतो."

मी म्हटलं, त्यात काय. खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदा नाईकची सुट्टी गुरुवारी टाकली, तर गुरुवारी महिला आरोपीसोबत कोर्टात जायला कोणी उरेना. ती शुक्रवारी सरकवली, तर शुक्रवारी मोर्चा. मग दुसऱ्या दोघींच्या सुट्ट्या हलवून पाहिल्या. खोडत होते, लिहीत होते. चहा आला, गार झाला. नाईकचा मुलगा पहिलीत होता, शनिवारी त्याच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, ते मला माहीत होतं. तरी मी शनिवार कापला. शेवटी तिघींच्याही सुट्ट्या गेल्या तेव्हा कुठे रकाने भरले. परीक्षाच तर घेतायत, असं मनाशी म्हणत मी सुवाच्य अक्षरात तो चार्ट पुन्हा उतरवून काढला.

मेजरांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटलं, आता बोलणी बसतील. पण त्यांनी ड्रॉवर उघडला, माझ्या अर्जावर हरकत नसल्याचा शेरा लिहिला आणि उठून स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दहा मिनिटांत माझा अर्ज पुढे गेला. मला नाचावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस बोर्डावर पुढच्या आठवड्याचा चार्ट लागला होता. माझ्या अक्षरातला. तोच.

मी धावत मेजरांकडे गेले. "अहो, तो लावायचा नव्हता! तुम्ही दुसरा लिहायचा ना!" मेजर हजेरीची वही उघडत होते. म्हणाले, "रात्री बसून तीन लिहिले. तिन्ही असेच आले. मग तुझाच लावला, अक्षर बरं आहे." मी बोर्डाकडे परतले तर नाईक तिथे उभी होती. शनिवारच्या रकान्यावर बोट ठेवून वाचत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अक्षर छान आहे गं तुझं." शेवटच्या दिवशी ठाण्यातल्यांनी माझ्यासाठी पेढे आणले होते. नाईकने घेतला नाही. तिचा राग मला पटला, आणि मला मेजरांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. एवढ्या वर्षांचं पाप त्यांनी एका दुपारी माझ्या हातून लिहून घेतलं होतं.

नव्या नोकरीला सहा महिने झाले असतील. एका रविवारी सकाळी मुलीला घेऊन शिवाजी पार्कला गेले. संध्याकाळी सभा होती. बांबूंचे अडसर लागले होते आणि फिरायला आलेली म्हातारी माणसं पोलिसांशी हुज्जत घालत होती. एका अडसरापाशी मेजर उभे होते. हजेरी मेजर कधी रस्त्यावर उभा राहत नाही, आणि यांच्या निवृत्तीला तर काही महिनेच उरले होते. टोपीखालून घाम गळत होता. मला बघून त्यांनी काही आश्चर्य दाखवलं नाही.

"मेजर, तुम्ही इथे?"

"नाईकची जागा आहे. तिला आज घरी ठेवलंय."

मुलगी त्यांच्या शिट्टीकडे टक लावून बघत होती. मेजर तिच्याकडे बघून मला म्हणाले, "तुला रविवार मिळतो?"

"मिळतो."

"दर रविवार?"

"दर रविवार."

त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. मग विचारलं, "मग काय करतेस?"

मला लाज वाटली, पण खरं ते सांगितलं. "काही नाही. दुपारी झोपते."

मेजर हसले. आठ वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"झोप," ते म्हणाले. "माझ्या वाटचंही झोप." आणि मागून घुसणाऱ्या माणसाला थांबवायला वळले.