रेघबाबांचा गेरू

रेघबाबांची बोटं बाराही महिने गेरूने लाल असत. पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं तिथवर भिंतीवर रेघ ओढायची, हा त्यांचा नेम. घर कुणाचं, रंग नवा की जुना, ते विचारत नसत. लोक कुरकुरायचे, पण पावसाळ्याआधी त्याच रेघा बघून गुपचूप धान्याचे डबे वर चढवायचे.

कल्याणच्या पुढचं आमचं हे गाव मला लहानपणी त्यांनीच समजावलं. नदी तीन बाजूंनी वळसा घालते. स्टेशन उंचावर, बाजार उतारावर आणि बाबांची भाताची खाचरं अगदी तळाला. "कललेलं ताट हाय आपला गाव," ते म्हणायचे. "आमटी कुठं जमनार, ते ताटाला ठावं."

पुढे खाचरांवर भराव पडला, इमारती उठल्या. बाबांचा मुलगाच फ्लॅट विकायला बसला. आम्ही बाजारात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो. जिन्याने आईचे गुडघे गेले होते, म्हणून मी तळमजला बघायला गेलो. ऑफिसात बाबाही बसले होते. मी त्यांनाच विचारलं, आता भराव टाकलाय, तरी पाणी येईल का? बाबांनी मुलाकडे पाहिलं. मग फरशीकडे बघत म्हणाले, "नाय येत."

बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी होती नव्हती ती पुंजी ओतली.

तिसऱ्या पावसाळ्यात पाणी खिडकीत शिरलं. शेजाऱ्यांनी आईला उचलून वर नेलं म्हणून ती वाचली, पण त्या धसक्याने तिने अंथरूण धरलं ते सोडलं नाही. महिन्याभरात गेली.

पाणी उतरल्यावर बाबा गेरू घेऊन आले होते. भिंतीवर माझ्या छातीच्या वर चिखलाचा डाग होता. त्यांनी गेरूचा खडा माझ्या तळहातावर ठेवला.

"तूच मार. माजा हात खोटा झाला."

मी रेघ ओढली, त्यांच्याशी बोललो मात्र नाही. दिवाळीआधी तेही गेले. राग आजही आहे, आणि त्यांची आठवणही येते.

गेल्या आठवड्यात रंगारी बोलावून ती भिंत रंगवून घेतली. मला आता तिथे राहवत नाही. काल एक जोडपं घर बघायला आलं होतं. बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं. पाणी येतं का हो, तिने विचारलं.

मी फरशीकडे बघत म्हणालो, "नाही येत."