शेवटचा डाव घरच्यांचा

आई मैदानावरच्या दिव्यांना नमस्कार करायची. पहिल्यांदा केला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात तिन्हीसांजेला ट्यूब लावली की ती डोक्यावरून पदर घेऊन हात जोडते, हे लहानपणापासून बघत आले होते. पण बेसबॉलच्या मैदानावर, उंच खांबांवरच्या फ्लडलाइटला? शेजारी हॉटडॉग खाणाऱ्या गोऱ्या आजोबांनीही घाईघाईने मान लववली. आपल्या संघासाठी काहीतरी चाललंय, असं त्यांना वाटलं असावं. "दिवा तो दिवा," आई म्हणाली आणि त्यांच्यासमोर चिवड्याचा डबा धरला.

बाबा गेल्यावर ती पुण्याचं घर बंद करून न्यूझीलंडला आली होती. आम्ही दोनच भावंडं आणि दोघंही इथे. दादा-वहिनी ख्राइस्टचर्चजवळ हॉर्नबीत, मी आणि माझा नवरा ऑकलंडला. माउंट रॉस्किलमधलं भाड्याचं घर सोडून आम्ही तेव्हा नुकतेच बंदराच्या पलीकडे उत्तरेला आलो होतो, आणि मैदान घराच्या मागेच होतं. आईची वाटणी आम्ही फोनवर करून टाकली. उन्हाळा माझ्याकडे, हिवाळा दादाकडे. ऐन थंडीत माणसाला आणखी थंड अशा दक्षिणेला पाठवायचं हे उफराटंच होतं, पण दादाकडचा घर उबदार ठेवणारा हीट पंप चांगला होता आणि सुट्ट्यांचं गणित तसंच जुळत होतं.

उन्हाळ्यात बेसबॉल असायचा. आमच्या शहराचा एक व्यावसायिक संघ होता, तो समुद्रापलीकडच्या लीगमध्ये खेळायचा. नवऱ्याला ऑफिसातून पास मिळाले म्हणून आम्ही आईला नेलं. जन्मभर बाबांच्या क्रिकेटला नाकं मुरडणारी ही बाई तिथे मात्र रमली. नियम समजावताना नवरा म्हणाला, "पाहुणा संघ आधी बॅटिंग करतो, घरचा नंतर. त्यामुळे शेवटचा डाव नेहमी घरच्यांचा."

"म्हणजे पंगतीसारखंच की," आई खूश झाली. "पाहुण्यांना आधी वाढायचं, घरचे शेवटच्या पंगतीला."

त्यानंतर तिने घरचा एकही सामना चुकवला नाही. इथल्या उन्हाळ्यात जेवणं आटोपली तरी तिन्हीसांज होत नाही, त्यामुळे देवापाशी दिवा कधी लावायचा हा तिच्यापुढे मोठाच प्रश्न होता. तो मैदानाने सोडवला. तिथले दिवे लागले की तिची सांज झाली.

पुढच्या उन्हाळ्यात लीगमध्ये नवा संघ आला आणि सगळे गट नव्याने पाडले. कोण कुठे गेलं ते मी तिला जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून दाखवलं. या वाट्या एका गटात, त्या दुसऱ्या. आपली इथून उचलून तिकडे.

"त्यांना विचारलं का?" आईने विचारलं.

"कोणाला?"

"ज्यांना उचललं त्यांना."

मी बसचे मार्ग आखण्याचं काम करते. असले प्रश्न मला रोज येतात आणि त्यांची उत्तरं मला तोंडपाठ आहेत. मी म्हटलं, "अगं, यात सगळ्यांचीच सोय आहे. प्रवास कमी होतो, वेळा जुळतात, जवळचे जवळच्यांशी खेळतात. अमेरिकेतल्या मोठमोठ्या लीगमध्येसुद्धा असे गट बदलत असतात." आईने आपली वाटी जुन्या जागी सरकवली आणि त्यात आमटी वाढून घेतली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमचा संघ लीगमध्येच नव्हता. कारणं काय असतील ती असोत, वाट्या मांडून सांगताना मी आमच्या संघाची वाटी टेबलावरून उचलली आणि सिंकमध्ये ठेवली. सकाळी बघते तर धुतलेली वाटी टेबलावर पुन्हा त्याच जागी, पालथी.  म्हाताऱ्या माणसांच्या सवयी, असं मनाशी म्हटलं आणि डबा घेऊन ऑफिसला गेले.

कोपऱ्यावरच्या डेअरीचे, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानाचे, मालक गुजराती. एकदा दूध घ्यायला गेले तेव्हा त्यांनी पैसे परत देता देता विचारलं, "मम्मीजी ठीक हैं ना? रोज शाम को ग्राउंड पे अकेली बैठती हैं. मैंने पूछा तो बोलीं, लाइट लगने का टाइम है." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहाँ की लाइट तो बंद है, बेन."

मी तशीच दुधाची बाटली घेऊन मैदानावर गेले. गवताच्या उतारावर आई घडीची खुर्ची टाकून बसली होती. खाली मैदान ओस पडलं होतं. पांढऱ्या रेघा पुसून गेल्या होत्या. खांब काळेठिक्कर उभे होते आणि त्यांच्या माथ्याभोवती पाखरं घोंघावत होती. पेटलेल्या दिव्याभोवती घोंघावतात तशीच, दाट, गोल. आईने हात जोडले. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचा लखलखत होत्या.

मावळतीचा उजेड असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मावळत तिच्या पाठीमागे होती, आणि चष्म्यावर पडलेला उजेड समोरून, खांबांकडून, येत होता. मला भीती वाटली हे कबूल करते. कसली, ते तेव्हा कळलं नाही. "चल, गार पडलंय," एवढंच म्हणून मी तिची खुर्ची मिटली.

घरी येऊन मी दादाला फोन केला. आई अंधारात बसते, नसलेले दिवे तिला दिसतात, हे सांगितलं. पाखरांचं सांगितलं नाही.

"हे बघ," दादा म्हणाला, "तिला आता परमनंट इकडेच आणू. तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. इथे तुझी वहिनी घरून काम करते, बघायला कोणीतरी असतं. सारखं विमानातून हलवायलाही नको. सगळ्यांसाठीच सोयीचं आहे. हो की नाही?"

माझीच वाक्यं मला परत ऐकू येत होती, तरी मी हो म्हटलं. त्याच्या बोलण्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. आईला सांगायचं काम मात्र त्याने माझ्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याबरोबर उतारावर गेले आणि तिच्या खुर्चीशेजारी गवतावर बसले. ढग खाली उतरले होते, मावळत अशी दिसतच नव्हती. सीगल येऊन मैदानावर घिरट्या घालू लागले. सामने असत तेव्हाही ते प्रेक्षकांचं सांडलेलं खायला असेच जमत. आता खायला काही नव्हतं. मी एका दमात सांगून टाकलं. दादाकडे कायमचं, पुढच्या महिन्यात, तुझ्याच भल्यासाठी.

 आई म्हणाली, "तुझ्याकडे मी घरची की पाहुणी?"

"हा काय प्रश्न झाला?"

"तू मला रोज आधी वाढतेस. गरम पोळी मला, वरचं तूप मला. मी उठून काही करायला गेले की बसवतेस. मी इतकी वर्षं माझ्या घरात सगळ्यांच्या मागून जेवले गं. तुझ्याकडे एकदाही नाही."

मी प्रेमाने वाढत होते. आईला ताटकळत ठेवून मी आधी जेवायचं, हे माझ्या हाताला जमलंच नसतं. आणि ती प्रत्येक घासागणिक हिशेब लावत बसली होती, की या घरात आपण पाहुणे आहोत. मला रडू आलं आणि रागही आला. घरची, एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण दादाला हो म्हणून झालं होतं, आणि घरच्या माणसाला असं कोणी उचलून देतं का? मी गवताची काडी उपटत राहिले.

तेवढ्यात माझ्या पायांपुढच्या गवताचं पातं न् पातं दिसायला लागलं. वर सीगलची पोटं पांढरीशुभ्र दिसत होती आणि त्यांच्यामागचं आभाळ काळं होतं. माझी सावली माझ्यापासून निघून उतारावर लांबच लांब पडली होती. शेजारी खुर्चीची सावली. खुर्चीत आईची सावली मला दिसली नाही. मी गर्रकन मागे वळले. उताराच्या माथ्यावरचा खांब तसाच काळा, मुका.

"नमस्कार कर," आई म्हणाली. मी केला. 

घरी जाताना ती माझा हात धरून चालली. तिचा हात गरम होता, नेहमीसारखा. दारात आल्यावर म्हणाली, "जाईन मी दादाकडे. पाहुण्याने फार दिवस राहू नये."

तिला विमानतळावर सोडून आल्यावर आठवडाभर मी नवऱ्यावर उगाच खेकसत होते. टेबलावरची पालथी वाटी तशीच होती, ती उचलायचा मला धीर झाला नाही. मैदानाकडची स्वयंपाकघराची खिडकी मी संध्याकाळी पडदा ओढून बंद करायचे आणि तिच्याकडे पाठ करून पोळ्या लाटायचे.

एका संध्याकाळी मी अशीच लाटत होते. नवरा अजून ऑफिसातून यायचा होता. फोन वाजला. हॉर्नबीहून आई.

"दिवे लागले ना?"

मी पडद्याकडे बघितलं नाही. तिचं मन राखायला म्हटलं, "हो, लागले."

"मग पाठ करून का उभी आहेस?"

लाटणं माझ्या हातातच राहिलं. समोरच्या भिंतीवर, मसाल्याच्या डब्यांवरून, माझी सावली छतापर्यंत चढली होती. घरात ट्यूब मी अजून लावलीच नव्हती.

"वळ," आई म्हणाली. "घाबरू नकोस. दिवा तो दिवा."

मी वळले नाही. मला ते जमलं नाही. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून मी पिठाचे हात भिंतीसमोरच जोडले. मग त्या दिवशी उतारावर जे बोलायचं राहिलं होतं ते आपोआप बाहेर आलं.

"आई, तू परत ये. दादाशी मी बोलते. या वेळी तुला आधी वाढणार नाही. पोळ्या तू लाट, आम्ही दोघं जेवू, मग तू मागून बस."

पलीकडून दादाकडच्या हीट पंपाची घरघर तेवढी येत होती. भिंतीवरची माझी सावली हलत नव्हती. तिच्या शेजारी आता आणखी एक होती, बुटकी, डोक्यावरून पदर घेतलेली.

"उद्याचं तिकीट काढ," आई म्हणाली. "आणि तूप गरम करू नकोस, मी आल्यावर करते."