टाकीचा चौथा खांब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शेजारी बसून डबा खाणाऱ्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — खरं सांगू? — कालपासून भीतीने मला अन्न गिळवत नाहीये.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाडीचे पार्ट तपासतो. केसाएवढी चीर दिसली तरी पार्ट थेट लाल ट्रेमध्ये. प्रॉडक्शनवाले वैतागतात, "राव, एवढंसं तर हाय, जाऊ द्या की!" मी जाऊ देत नाही. त्याबद्दल कंपनीने स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिलाय मला. हसा, हसा खुशाल.

सुट्टीच्या दिवशी आम्ही काही जण श्रमदानाला जायचो. चाकणच्या पुढे, डोंगराला लागून एक वाडी आहे. तिथल्या बायका उतारावरच्या विहिरीतून हंडे वाहायच्या. म्हणून ठरवलं, अंगणवाडीशेजारी चार खांबांवर पाण्याची टाकी बांधायची. सामान कंपनीचं, अंगमेहनत आमची आणि वाडीची. गवंडी एकच, बाकी सगळे हौशे-नवशे. खांबात काँक्रीट ओतताना ते सळईने सारखं कोचावं लागतं, नाहीतर आत पोकळी राहते. चौथा खांब कोचायचं काम माझ्याकडे होतं. आणि मी काय करत होतो? ग्रुपचा फोटो चालला होता — घमेलं हातात धरून मधोमध उभा राहायला गेलो होतो! परत आलो तोवर खांब वरपर्यंत भरलेला. वरवर सळई खुपसली आणि "झालं!" म्हणून ओरडलो.

साच्याच्या प्लेटा काढायच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. चौथ्या खांबाच्या प्लेटा सोडल्या. बुडाशी नुसती खडी उघडी पडलेली. बोट घातलं तर खांबातल्या सळईला लागलं. वर अजून काहीच चढलं नव्हतं. तेव्हाच पाडता आला असता तो, काय मोठं होतं? पण उद्घाटनाची तारीख ठरलेली, मोठे साहेब यायचे होते. आणि पाडायचा म्हटलं की पहिला प्रश्न — हा कुणी कोचला? क्वालिटीवाल्याने! लाज वाटली हो मला. मी सिमेंट कालवलं, पोकळीत दाबलं आणि थापीने गुळगुळीत केलं. बाकीचे आले तेव्हा मी हात धूत होतो. गवंडी म्हणाला, "लई सफाईदार निघालाय की ह्यो." मी मान डोलावली.

टाकी झाली, नळाला पाणी आलं. अंगणवाडीच्या सुमनताईंनी सगळ्यांत आधी मला ओवाळलं. तेव्हापासून घरासमोरून जड ट्रक गेला, कपाटातली भांडी थरथरली, की मला तो खांब आठवतो. वाडीवरून कुणाचाही फोन आला की आधी वाटतं, गेली टाकी. पण चौकशीला एकदाही गेलो नाही. आपण बघितलं नाही म्हणजे ते नाहीच — असं असतं का कुठं?

काल सुमनताईंनी फोटो पाठवला. वादळाने अंगणवाडीचे पत्रे उडाले, म्हणून आता पोरं टाकीखाली बसवतात. पोरं मांडी घालून खिचडी खात होती. एक मुलगी चौथ्या खांबाला टेकून बसली होती. मी फोटो मोठा केला. तिच्या डोक्यामागून उभी चीर वर गेली होती आणि चिरेतून तांबूस ओघळ आला होता. सळई गंजून आतून फुगतेय. हे मला कळत नसेल तर कुणाला कळणार?

फोन लावला. "ताई, पोरांना तिथून उठवा. आत्ताच्या आत्ता!"

"अगं बया! का वो भाऊ, काय झालं?"

एका वाक्याचं काम होतं. खांब आतून पोकळ आहे, मीच ते लपवलं — बस्स. पण मला साहेब दिसले, गवंडी दिसला, ती शाल दिसली. आणि तोंडातून निघालं, "काही नाही ताई... खांबांना रंग द्यायचाय. पोरांचे कपडे खराब व्हायचे."

त्या हसल्या. "आवं मग आधी सांगायचं न्हाई का! घाबरलेच की मी. उठवते. रंग वाळला की परत बसवते, लई गार सावली हाय बघा तिथं."

मी म्हणालो, "हो, बसवा."

त्यानंतर मी परत फोन केलेला नाही.